वि. का. राजवाडे : संशोधक, संस्था आणि सत्ता

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या चरित्राकडे आपण बहुधा एका विक्षिप्त तपस्व्याची कथा म्हणून पाहतो. या दृष्टीमुळे त्यांच्या आयुष्यातील एक मूलभूत प्रश्न झाकला जातो : ज्ञानक्षेत्रात अधिकार कोण देतो आणि तो कोणाकडे राहतो?

डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर राजवाड्यांनी काही काळ शिक्षकी केली, पण नोकरीत ते रमले नाहीत. तरुणपणीच पत्नी वारल्यावर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. मराठ्यांच्या इतिहासावर त्या काळी ग्रँट डफचा अधिकार चाले. वाघोलीच्या जाधवरावांसारख्या सरदार घराण्यांचा इतिहास मात्र दप्तरांत, रुमालांत बांधून पडलेला होता. राजवाडे गावोगाव हिंडले आणि १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड सिद्ध केले. विवेचनासाठी त्यांनी मराठीच वापरली. इंग्रजी विद्वत्तेच्या मान्यतेवाचून ज्ञाननिर्मिती होऊ शकते, असा या भाषानिष्ठेचा अर्थ होता. त्याची किंमतही होती : मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांपर्यंत त्यांचे सिद्धांत क्वचितच पोचले.

१९१० साली खंडो चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. विद्यापीठाबाहेरच्या संशोधकाला हक्काचे पीठ मिळाले. परंतु संस्था म्हटली की नियम, सभासद आणि बहुमत आले. आपण उभारलेल्या संस्थेतही ते टिकले नाहीत; मतभेदांनंतर मंडळापासून दूर होऊन त्यांनी अखेरची वर्षे धुळ्यास काढली.

येथे राजवाड्यांना केवळ व्यवस्थेचा बळी ठरविणे सोपे, पण अपुरे आहे. संशोधक म्हणून मिळालेला अधिकार त्यांनीही वापरला. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयीच्या त्यांच्या लेखनाचा प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून प्रतिवाद केला. कागद कोणी जमविले, यावरून त्यांचा अर्थ लावण्याचा एकाधिकार सिद्ध होत नाही, हे त्या वादाने दाखवून दिले. सत्तेला नकार देणारा विद्वान जातिसत्तेपासून मुक्त असतोच असे नाही.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. संस्थेत न मावणारा माणूस अखेर संस्थेचे नाव झाला! पुणे विद्यापीठ त्यानंतर बावीस वर्षांनी, १९४९ साली स्थापन झाले. आज मार्गदर्शक, पदवी आणि बढती यांच्या चौकटीत संशोधन करणाऱ्या आपणांस राजवाड्यांचे अनुकरण शक्य नाही. बहुधा इष्टही नाही. मात्र आपला निष्कर्ष पुराव्यामुळे मान्य होतो की पदामुळे, हा प्रश्न त्यांचे चरित्र आपल्यापुढे ठेवते. तो प्रथम स्वतःस विचारावा लागेल.