जळालेल्या चित्रांचा चित्रकार

अजिंठ्याचा डोंगर आमच्या बुलढाण्यापर्यंत येऊन पोचतो. त्यामुळे मेजर गिल आणि पारो यांची गोष्ट इकडच्या माणसाला पुस्तकाआधी कानाने कळते. या गोष्टीतला गिल हा फक्त प्रेमवीर असतो. मला मात्र त्याच्यातला चित्रकार जास्त जवळचा वाटतो.

रॉबर्ट गिलचा जन्म १८०४ चा, लंडनचा. एकोणीस-वीस वर्षांचा, म्हणजे आज मी आहे जवळजवळ तेवढ्याच वयाचा असताना, तो कंपनी सरकारच्या मद्रास फौजेत दाखल झाला. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस पडली होती. पुढे येणारे-जाणारे हौशी लोक चित्रांचे तुकडेच काढून नेऊ लागले! चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला तरी व्हाव्यात, अशी मागणी लंडनच्या विद्वानांनी केली आणि १८४४ मध्ये हे काम गिलकडे आले.

अजिंठा गावातल्या बारादरीत त्याने बिऱ्हाड केले. गुंफांत अंधार, वटवाघळे, बाहेर जंगल आणि हिवताप. अशा जागी कापडावर मोठमोठी तैलचित्रे काढायची! जवळजवळ वीस वर्षे हे चालले. दुसऱ्या कुणी तरी काढलेली चित्रे रेषेला रेष जुळवून पुन्हा काढण्यात एका माणसाने ऐन उमेद घालवली. याला कुणी कारकुनी म्हणेल; मी म्हणणार नाही.

पारोबद्दल लोक पुष्कळ सांगतात. ती कोणत्या जातीची, दोघे कसे भेटले, याच्या कथा गावागणिक बदलतात. अजिंठा गावात तिची कबर आहे. दगडावर इंग्रजीत तिचे नाव, २३ मे १८५६ ही तारीख आणि ती त्याला प्रिय होती एवढेच कोरलेले आहे. महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले, त्यावर २०१२ मध्ये चित्रपटही निघाला. पण पारोने स्वतः मागे ठेवलेला एक शब्दही कुठे नाही. आपल्या आज्या-पणज्यांचे तरी दुसरे काय झाले? निदान तिच्या नावाचा दगड तरी आहे.

गिलची चित्रे लंडनला गेली आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात लागली. अजिंठा कधीही न पाहिलेल्या लोकांनी तो तिथे पाहिला. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली. भिंतीवर मांडलेली चित्रे जळाली. जी मांडलेली नव्हती अशी मोजकीच वाचली. म्हणजे ज्यांचा मान झाला तीच गेली! गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. या वयात आमच्याकडे माणूस शेत मुलाच्या हवाली करून ओट्यावर बसतो. याने पुन्हा काम हाती घेतले.

मध्यंतरी तो छायाचित्रणही शिकला होता. त्याच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडनला छापली गेली. आमच्या जिल्ह्यातल्या लोणारच्या देवळांचीही छायाचित्रे त्याने घेतली आहेत. माझ्या आजोबांचा एकही फोटो आमच्या घरात नाही. दैत्यसूदनाच्या देवळाचा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा मात्र आहे, आणि तो या परक्या माणसामुळे.

आग त्याच्यापुरती थांबली नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत सापडल्या. मूळ चित्रे मात्र, झिजलेली, पोपडे धरलेली का होईना, इथल्या डोंगरात अजून आहेत.

हे दुसरे जळीत गिलने पाहिले नाही. तो १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे, पारोची अजिंठ्यात. मलकापूर-नांदुऱ्याकडून येणाऱ्या आपल्या मित्रांना भुसावळ काही परके नाही. गाडी बदलताना वेळ मिळाला तर त्यांनी तिची चौकशी जरूर करावी.