जॉर्ज स्टीफन्सन : खाणीतील एंजिनवाला

मुलाने एंजिनियर व्हावे, असे आज घरोघरी बोलले जाते. परंतु त्याच मुलाच्या हाती पाना किंवा कानस दिसली की आईवडिलांच्या कपाळास आठी पडते. उलटपक्षी काही घरांत मुलाचा हात कामावर बरा बसला की त्याचे दप्तर कायमचे खुंटीस लागते. शिक्षकाच्या नोकरीत हे दोन्ही प्रकार मी पुष्कळ पाहिले. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी मी ज्याचे चरित्र निवडले आहे, त्याला हाताची विद्या जन्मतः लाभली होती आणि अक्षराची विद्या फार उशिरा मिळवावी लागली. त्या उशिराची किंमतही त्याने मोजली.

जॉर्ज स्टीफन्सन याचा जन्म ९ जून १७८१ रोजी इंग्लंडच्या उत्तर भागात, न्यूकॅसल शहराजवळील वायलम या खेड्यात झाला. बाप कोळशाच्या खाणीवर पाणी उपसणाऱ्या बाष्पयंत्राच्या भट्टीत कोळसा घालण्याचे काम करी. आईबाप दोघेही निरक्षर. साऱ्या कुटुंबाचा संसार एका खोलीत. दारावरून लाकडी रुळांची वाट जात असे आणि तीवरून घोडे कोळशाच्या वाघिणी ओढीत. शाळेचे नाव त्या घरात नव्हते. जॉर्ज लहानपणी गाई राखी, आणि गाई चरत असता चिखलाची एंजिने बनवीत बसे. पुढे कोळशातील दगड वेचणे, खाणीवरील घोडा हाकणे, अशी कामे करीत चौदाव्या वर्षी तो बापाच्या हाताखाली भट्टीवर लागला. सतराव्या वर्षी त्याच्याकडे एंजिनाची देखरेख आली, म्हणजे बापापेक्षा मुलाचा हुद्दा वर गेला.

एंजिनाची त्याला जात्याच आवड होती. कामास सुटी असली की तो यंत्र खोली, पुशी आणि पुन्हा जुळवी. परंतु नवी यंत्रे कोठे, कशी निघाली हे पुस्तकांत लिहिलेले असते असे त्याच्या कानी आले, आणि पुस्तक वाचता येत नाही याची त्यास प्रथम लाज वाटली. तेव्हा त्याचे वय अठरा होते. दिवसभर खाणीवर राबून हा जवान रात्रीच्या शाळेत पाटी घेऊन जाऊ लागला. मास्तरांनी घातलेली गणिते तो दुसऱ्या दिवशी एंजिनाशेजारी बसून सोडवी. एकोणिसाव्या वर्षी त्याला स्वतःची सही करता येऊ लागली.

१८०२ साली त्याचे लग्न झाले व पुढील वर्षी रॉबर्ट हा मुलगा झाला. नंतर झालेली मुलगी थोड्याच आठवड्यांत गेली आणि १८०६ मध्ये पत्नीही क्षयाने वारली. पाठोपाठ यंत्राच्या वाफेने म्हाताऱ्या बापाचे डोळे गेले. स्कॉटलंडात कामास जाऊन साठविलेला पैसा बापाच्या देण्यात आणि सक्तीच्या सैन्यभरतीतून सुटण्यासाठी बदली माणूस देण्यात संपला. देश सोडून अमेरिकेस जावे, असे या वेळी त्याच्या मनात आले होते. जाण्यापुरते पैसे जवळ नव्हते, म्हणून राहिला.

किलिंगवर्थ येथील एका खाणीत पाणी भरून राहिले होते, व तेथील पंप कोणाच्याने चालेना. १८११ साली जॉर्जने तो हाती घेतला आणि थोड्याच दिवसांत खाण कोरडी केली. पुढच्याच वर्षी वर्षाला १०० पौंड पगारावर तो खाणीचा मुख्य यंत्रकार झाला. १८१४ मध्ये त्याने पहिले चालते एंजिन बांधले. तीस टन ओझे ताशी चार मैल वेगाने ते चढावर नेई. १८१५ मध्ये खाणीतील वायूने पेट न घेणारा दिवा त्याने बनविला, आणि तो जळता दिवा घेऊन ज्वालाग्राही वायूच्या तोंडाशी तो स्वतः गेला. त्याच सुमारास सर हंफ्री डेव्ही या विख्यात शास्त्रज्ञानेही तसाच दिवा शोधला. एका अशिक्षित यंत्रकारास हे सुचेल यावर लंडनचे विद्वान विश्वास ठेवीनात. डेव्हीस २,००० पौंडांचे बक्षीस मिळाले व स्टीफन्सनवर चोरीचा आळ आला. त्याच्या बाजूने उत्तरेकडील लोकांनी वर्गणी करून १,००० पौंड दिले. दोघांचा हक्क सारखाच, असे पार्लमेंटच्या समितीने ठरविले ते १८३३ साली.

आता मला ज्याचे विशेष वाटते ते सांगतो. आपल्याला जे मिळाले नाही ते मुलास मिळालेच पाहिजे, असा त्याचा निश्चय होता. त्यासाठी तो रात्री जागून शेजाऱ्यापाजाऱ्यांची घड्याळे दुरुस्त करी, जोडे शिवी. रॉबर्टास त्याने न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले. मुलगा गाढवावर बसून ये-जा करी. शहरातील वाचनालयाची काही पुस्तके घरी नेता येत नसत. ती तो तेथेच वाची व आकृत्या उतरवून आणी. संध्याकाळी मुलगा समजावून सांगे आणि बाप शिके. मुलाला पुस्तकात यंत्र दिसे, बापाला ते डोळ्यांपुढे चालताना दिसे. १८१६ मध्ये दोघांनी मिळून हिशेब मांडला, दगड घासला आणि घराच्या दारावर सूर्यघड्याळ बसविले. वेस्टमूर येथील त्या घरावर ते अद्याप आहे. पुढे रॉबर्टास सहा महिने एडिंबरोच्या विद्यापीठातही पाठविले.

२७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉकटन-डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली आणि तीवर स्टीफन्सनचे एंजिन धावले. तेच वर्ष त्याच्या आयुष्यातील सर्वांत अपमानाचेही ठरले. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या परवानगीसाठी त्यास वसंत ऋतूत पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष द्यावी लागली. जमीनदारांनी मोजणीदारांस शेतात पाय ठेवू दिला नव्हता, म्हणून मोजणी चोरूनमारून, घाईने झाली होती. ती हाताखालच्या माणसांनी केली आणि स्टीफन्सनने ताडून पाहिली नाही. विरोधी वकिलांनी उंचीसखलीचे आकडे विचारले, पुलांची मापे विचारली. त्यास उत्तरे देता येईनात. त्याच्या गावंढळ बोलीची टर उडाली. आकडे खरोखरच चुकलेले निघाले. विधेयक बारगळले, व कंपनीने त्यास दूर केले.

वकिलांना दोष देऊन हा प्रसंग टाळता येईल, पण ते खरे होणार नाही. चूक त्याचीच होती. जे काम त्याच्या हाताखालून गेले ते कधी फसले नाही. जे कागदावर होते तेथे तो दुसऱ्यावर विसंबला. आणि ज्याच्यावर विसंबता आले असते तो मुलगा त्या वेळी दक्षिण अमेरिकेतील खाणींवर नोकरीस गेलेला होता.

पुढील वर्षी दुसऱ्यांनी केलेल्या मोजणीवर परवानगी मिळाली, पण त्यांच्याशी कंपनीचे जमले नाही व काम पुन्हा स्टीफन्सनकडेच आले. वाटेत चॅट मॉस नावाची प्रचंड दलदल होती. तीत भराव घालावा तो गिळला जाई. संचालक हताश झाले. स्टीफन्सनने झाडझुडूप व झुडपांच्या विणलेल्या ताट्या थरावर थर पसरून, तराफा पाण्यावर राहावा तसा रेल्वेचा मार्ग त्या चिखलावर ठेवला.

रॉबर्ट १८२७ मध्ये परतला. रूळ झाले, पण त्यांवर एंजिने चालवावी की दोर ओढणारी स्थिर यंत्रे बसवावी, हा वाद मिटेना. म्हणून ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिल येथे ५०० पौंडांच्या बक्षिसाची शर्यत झाली. रॉबर्टने न्यूकॅसलच्या कारखान्यात ‘रॉकेट’ बांधले. कंपनीचा चिटणीस हेन्री बूथ याच्या सूचनेवरून त्याच्या बंबात एका मोठ्या नळीऐवजी तांब्याच्या २५ बारीक नळ्या घातल्या, त्यामुळे पाण्यास आच अधिक लागून वाफ भरपूर होई. इतर एंजिने मोडून पडली. ‘रॉकेट’ने ताशी सुमारे ३० मैलांचा वेग दाखवून शर्यत पुरी केली. १५ सप्टेंबर १८३० रोजी रेल्वेचे उद्‌घाटन झाले. त्याच दिवशी हस्किसन या पुढाऱ्यास ‘रॉकेट’ची धडक बसली. स्टीफन्सनने स्वतः एंजिन हाकून त्यास उपचारासाठी नेले. तो वाचला नाही.

यानंतर कीर्ती व संपत्ती आपण होऊन चालत आली. १८४७ मध्ये यांत्रिक एंजिनियरांची संस्था निघाली तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यास मिळाले. १२ ऑगस्ट १८४८ रोजी चेस्टरफील्ड येथे तो वारला.

आपल्या प्रांताशी या बापलेकांचा संबंध येतो तो रॉबर्टमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा तो सल्लागार एंजिनियर होता, आणि त्याच्या तालमीत तयार झालेला जेम्स बर्कले हा मुंबईस मुख्य एंजिनियर म्हणून आला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे गाडी धावली ती याच्या देखरेखीखाली. बोरघाटाची आखणीही त्याचीच. २५ बोगदे खोदून १८६३ मध्ये गाडी खंडाळ्यास चढली. बर्कले ते पाहावयास उरला नव्हता. तो आदल्याच वर्षी वारला. घाटात सुरुंग लावणारे, दगड घडविणारे, टोपल्या वाहणारे हजारो लोक होते. कित्येक तेथेच पटकीने व तापाने मेले. खंडाळ्याच्या बोगद्यांतून जाताना मी खिडकीशी बसून ते टाकीचे घाव पाहतो.