टॉमस डॅनियल आणि मद्रासचा किल्ला

मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचे अठराव्या शतकातील जे रूप अभ्यासकांच्या मनात ठसले आहे, ते बऱ्याच अंशी टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने घडविलेले आहे. त्याचा जन्म १७४९ मध्ये टेम्सकाठच्या किंग्स्टन गावी, सराई चालविणाऱ्या कुटुंबात झाला. आरंभी त्याने घोडागाड्या रंगविण्याच्या धंद्यात उमेदवारी केली. १७७३ मध्ये रॉयल अकॅडमीच्या शाळेत त्याचा प्रवेश झाला, तथापि निसर्गचित्रांवर चरितार्थ चालेना. तेव्हा १७८४ मध्ये कंपनीची परवानगी मिळवून, पुढील वर्षी तो किशोरवयीन पुतण्या विल्यम यास घेऊन पूर्वेकडे निघाला. चीनमार्गे १७८६ मध्ये कलकत्ता, नंतर गढवालपर्यंतचा उत्तर हिंदुस्थान, आणि मार्च १७९२ मध्ये मद्रास, असा त्याचा क्रम झाला.

त्याच महिन्यात श्रीरंगपट्टणचा तह झाला होता. टिपूकडून मिळालेल्या मुलखातील डोंगरी किल्ले इंग्रजांच्या ताब्यात होते आणि वाटा निर्धोक झाल्या होत्या. काका-पुतणे लगेच दक्षिणेच्या प्रवासास निघाले, ते युद्धाच्या वाटेनेच. त्यांनी रायकोट्टईसारखे किल्ले रेखाटले. पण जुलै १७९१ मध्येच इंग्रजांनी घेतलेला हा गड चित्रात जणू अनादि शांततेत उभा आहे. मराठी वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा इंग्रजांबरोबर होत्या. डॅनियलची वाट मोकळी करण्यात मराठी घोडदळाचाही वाटा होता. चित्रांत मात्र त्याची खूण नाही. पुढे तो तंजावरास गेला, तेव्हा तेथे भोसले घराण्यातील अमरसिंह गादीवर होता. डॅनियलला मोह पडला तो बृहदीश्वराच्या विमानाचा.

सेंट जॉर्ज किल्ल्याची त्याची दृश्ये याच मालिकेत बसतात. १७४६ मध्ये फ्रेंचांनी हा किल्ला घेतला होता आणि १७५८-५९ मध्ये पुन्हा वेढा पडला होता. त्यानंतर तटबंदी नव्याने बांधली गेली. डॅनियलने पाहिला तो हा नवा किल्ला. आग्नेयेकडून घेतलेल्या दृश्यात मात्र दृष्टी तोफांवर ठरत नाही. समुद्र, प्रकाश आणि शुभ्र इमारती यांवर ठरते. शिंपल्यांच्या चुन्याचा घोटीव गिलावा हे मद्रासचे वैशिष्ट्य त्याने अचूक टिपले. रेखाटनासाठी तो कॅमेरा ऑब्स्क्यूरा वापरीत असे, म्हणून इमारतींच्या प्रमाणांबाबत त्याची साक्ष भरवशाची आहे. बंदर बांधल्यानंतर वाळू साचून समुद्र मागे हटला. तटाजवळची जुनी किनारपट्टी आज अशा चित्रांतच पाहावी लागते. परंतु किल्ला का बांधावा लागला, हे त्यांवरून कळत नाही, आणि तेवढ्यापुरती ही साक्ष अपुरी मानली पाहिजे.

१७९३ मध्ये चित्रांची सोडत काढून त्याने मद्रास सोडले आणि तो मुंबईस आला. तेथे त्याची जेम्स वेल्सशी गाठ पडली. पुणे दरबारची चित्रे काढणारा हा वेल्स १७९५ मध्ये वारला. वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटने डॅनियलने १८०३ मध्ये प्रसिद्ध केली. स्वतःची ‘ओरिएंटल सीनरी’ ही १४४ चित्रांची मालिका त्याने १७९५ ते १८०८ या काळात पुरी केली. मद्रासची दृश्ये तिच्या दुसऱ्या भागात आहेत. १७९९ मध्ये तो अकॅडमीचा सभासद झाला. विल्यम त्याच्या आधी, १८३७ मध्ये गेला. टॉमस अविवाहित राहिला आणि मार्च १८४० मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन भागात निधन पावला.