नदीचा जमाखर्च मांडणारे प्राध्यापक

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात भूमी हा उत्पादनाचा पहिला घटक म्हणून अवतरतो आणि खंडाचा सिद्धांत संपला की बहुधा अंतर्धान पावतो. त्या भूमीवरील नदी, अरण्य आणि मातीचा कस यांची विचारपूस वर्गात सहसा होत नाही. हीच विचारपूस आपल्या शास्त्राचा पाया मानणारे एक प्राध्यापक या देशात होऊन गेले. ते म्हणजे लखनौ विद्यापीठाचे डॉ. राधाकमल मुखर्जी.

बंगालमधील बहरामपूर येथे १८८९ साली त्यांचा जन्म झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना तेथील वस्त्यांमधील दैन्य त्यांनी पाहिले आणि इतिहासाची गोडी असूनही ते अर्थशास्त्राकडे वळले. बहरामपूरच्या कृष्णनाथ कॉलेजात अध्यापन करीत असताना ग्रामीण कारागिरांच्या उद्योगांचा त्यांनी अभ्यास केला. त्यातून साकारलेल्या १९१६ मधील ग्रंथाला पॅट्रिक गेडिस यांची प्रस्तावना लाभली. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. प्रदेश, उद्योग आणि लोक यांचा एकत्र विचार करण्याची त्यांची दृष्टी मुखर्जींनी आत्मसात केली.

१९२१ मध्ये लखनौला अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राच्या संयुक्त विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. माणूस, वनस्पती, पशू, पाणी आणि माती ही एका प्रदेशात परस्परांशी बांधलेली असतात. त्यांतील एक धागा ताणला की त्याची किंमत अखेर माणसाच्या उदरनिर्वाहाला मोजावी लागते, हे सूत्र त्यांनी १९२६ पासून सातत्याने मांडले.

बंगालच्या नद्यांवरील १९३८ च्या ग्रंथात या सूत्राची प्रचीती येते. गंगेचा मुख्य प्रवाह पूर्वेकडे सरकल्याने पश्चिम आणि मध्य बंगालमधील नद्या गाळाने भरत गेल्या. बांध आणि रेल्वेचे भराव यांनी पुराचे पाणी अडविले. शेतांना सुपीक गाळ मिळेना. साचलेल्या डबक्यांत डास माजले, हिवताप पसरला आणि गावे ओस पडू लागली. पूर्व बंगालमध्ये मात्र पुराबरोबर गाळ येत राहिला. तेथे भात, ताग आणि लोकवस्ती वाढली. रेल्वेच्या हिशेबवहीत जो भराव भांडवल म्हणून नोंदला गेला, त्याचा तोटा शेतकऱ्याच्या पदरात पडला होता.

मुखर्जींच्या विचारांत उणिवा नव्हत्या असे नाही. जुन्या ग्रामसमाजातील सहकार्यावर त्यांनी जेवढा विश्वास ठेवला, तेवढी तेथील जातीय विषमता तपासली नाही. स्वातंत्र्यानंतर नियोजन आणि गणिती प्रतिमाने यांचे युग आले आणि त्यांचा विचार मागे पडला. १९५५ ते १९५७ या काळात ते लखनौचे कुलगुरू होते. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. पर्यावरणावरील स्टॉकहोम परिषद भरली ती त्यानंतर चार वर्षांनी.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निर्देशानंतर कालांतराने पर्यावरण हा पदवी अभ्यासक्रमातील सक्तीचा विषय झाला. परंतु सक्तीने विषय वाढतो, दृष्टी वाढतेच असे नाही. पर्यावरणाची प्रश्नपत्रिका वेगळी आणि अर्थशास्त्राची वेगळी, अशी वाटणी झाली की धरणाचा खर्च एका तासाला शिकवला जातो आणि त्याखाली आटलेली नदी दुसऱ्या. ही दोन्ही एकाच ताळेबंदात मांडण्यासाठी मुखर्जींनी नव्या प्रश्नपत्रिकेची वाट पाहिली नव्हती. अर्थशास्त्राच्या आजच्या शिक्षकालाही तिची वाट पाहण्याचे कारण नाही.