अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हाती आलेला कॅमेरा

‘आता या वयात काय नवीन शिकणार?’ हे वाक्य हल्ली आपल्या प्रत्येक भेटीत एकदा तरी ऐकू येते. म्हणून ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांची ही ओळख.

त्यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यात झाला. १८३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केप येथे त्यांची शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्याशी भेट झाली. पुढे छायाचित्रणाच्या नव्या शोधाची बातमी हर्शेल यांनीच त्यांना पत्रातून कळवली. पण मधली वर्षे संसारात गेली. १८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेले. मुले मोठी झाली, पती कॉफीच्या मळ्यांसाठी सिलोनला गेले आणि घर रिकामे वाटू लागले. तेव्हा, १८६३ च्या अखेरीस, लेक-जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. वय होते अठ्ठेचाळीस.

कोंबड्यांच्या खुराड्याचा त्यांनी स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीची डार्करूम. काचेवर रसायन ओतायचे, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घेऊन धुवायची. बोटे काळी पडत, काचा तडकत. पहिले चित्र तर त्यांच्याच हाताने पुसले गेले. तरी महिन्याभरात, जानेवारी १८६४ मध्ये, ॲनी फिलपॉट या लहान मुलीचा मनासारखा फोटो निघाला.

चित्रे अस्पष्ट आहेत, डागाळलेली आहेत, अशी टीका जाणकारांनी केली. चेहऱ्यामागचा माणूस दिसावा म्हणून बाईंनी आपली पद्धत सोडली नाही. १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची चित्रे विकत घेतली. टेनिसन, डार्विन त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. पैसा मात्र फारसा मिळाला नाही.

१८६७ मध्ये त्यांनी हर्शेल यांचे छायाचित्र घेतले. त्यांना त्या गुरू मानत. विस्कटलेले पांढरे केस, थकलेले पण जागे डोळे. एका विद्यार्थिनीने गुरूला दिलेली ही दक्षिणाच म्हणायची. १८७९ मध्ये सिलोनमध्ये बाईंचे निधन झाले. कॅमेरा हाती येऊन जेमतेम पंधरा वर्षे झाली होती.

आपल्यापैकी कुणाची पेटी, कुणाचे रंग, कुणाची कवितांची वही अजून माळ्यावर असेल. पुढच्या स्नेहमेळाव्याला ती घेऊन या. आपल्या सरांना आणि बाईंना ते पाहून बरे वाटेल.