इरावती कर्वे : अस्थींची साक्ष

इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचा जन्म ब्रह्मदेशातला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. पीएच.डी.साठी त्या बर्लिनला गेल्या. मानवी कवटीच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात. ही विषमता युरोपीय वंशाच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाची खूण आहे, असे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या. मापांनी त्या गृहीतकाला दुजोरा दिला नाही आणि प्रबंधात त्यांनी तसेच नोंदवले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी गुजरातमधील लांघणज येथील प्राचीन मानवी सांगाडेही अभ्यासले. पुराव्यापुढे गृहीतक सोडण्याची ही शिस्त विद्यार्थ्यांनी ‘युगान्त’ वाचताना ध्यानात ठेवावी.