डीजेच्या बेसआधी मिरजेचा खर्ज : उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची गोष्ट

मिरज : यात्रा असो नाहीतर वरात, आजकाल बेस दणकला पाहिजे. हा बेस बहुतेक यंत्रातनंच येतो. 1970 साली अमेरिकेत मिनीमूग नावाचा छोटा सिंथेसायझर आला आणि विजेवर खालचा सूर काढणं सोपं झालं. पण गाण्याला खालनं आधार लागतो, हे मिरजेला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. तो आधार म्हणजे तंबोऱ्याची खर्जाची तार. त्या तारेवर जीव लावणारा गवई म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, जन्म 1872 चा. तरुणपणी बडोद्याच्या दरबारात गायले. तिथं ताराबाई माने यांच्याशी मन जुळलं आणि दोघांनी बडोदा सोडलं. पुढं मिरज हेच त्यांचं गाव झालं. मुलगी हिराबाई बडोदेकर 1905 साली इथंच जन्मली.

तंबोऱ्याला तारा चार. मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची जाड तार खर्जाची. ती बरोबर लागली आणि जवारी नीट असली, की न छेडलेला गंधारही तिच्यातनं ऐकू येतो. हे जुळवणं सगळं कानावर. खाँसाहेब तंबोरा लावण्यात वाकबगार होतेच, वाद्यांची दुरुस्तीही स्वतः करत.

त्या कानाचा उपयोग शास्त्रालाही झाला. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स हे 22 श्रुती मोजायच्या मागे होते. 1911 साली साताऱ्यात त्यांनी फिलहार्मोनिक सोसायटी काढली, श्रुतींची वेगळी पेटीही करवून घेतली. श्रुती गाऊन दाखवायला खाँसाहेब पुढं आले.

1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. 1922 च्या सुमारास ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. घर मोडलं, गाणं थांबलं नाही.

ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत त्यांची तब्येत बिघडली. सिंगपेरुमल कोविल स्टेशनात ते उतरले. फलाटावर बिछाना टाकला, तंबोरा लावायला लावला आणि प्रार्थना गातागाता 27 तारखेला डोळे मिटले. दफन मिरजेत, मीरासाहेब दर्ग्यात झालं. त्यांच्या आठवणीत उरुसाला तिथं आजही संगीत सभा भरते.

आज तंबोरा मोबाईलमध्येही वाजतो. बटण दाबलं की सूर हजर, सोयीचं आहे. पण पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणून तंबोरा घडवणारे, दोरा सरकवत जवारी काढणारे हात मिरजेत अजून आहेत. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. मानांकनानं नाव राखलं जाईल. हात टिकायचे तर तंबोरा विकत घेणारं आणि खर्ज ओळखणारं माणूस गावागावात पाहिजे.